निर्दोष सुटलेल्याच्या खर्चाचे काय?

महोदय,

दिवाणी दाव्यात हरणाऱ्याकडून जिंकणाऱ्याला खर्च देवविण्याची सोय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 35 मध्ये आहे. फौजदारी खटल्यात समोर खुद्द सरकार असते. ते हरले, तरी निर्दोष सुटलेल्याला वकिलाच्या फीचा एक रुपयाही आपोआप परत मिळत नाही.

जिल्हा न्यायालयात नोकरी करताना हा खर्च मी जवळून पाहिला. जामीनदाराच्या ऐपतीच्या दाखल्यासाठी तहसीलचे हेलपाटे, साक्षींच्या नकला, दर तारखेला एसटीचे तिकीट आणि बुडालेली मजुरी. सरकारी साक्षीदार आला नाही, तपास अधिकाऱ्याची बदली झाली, की पुढची तारीख. त्यात आरोपीचा दोष काय? तरीही भुर्दंड त्यालाच. कित्येकांनी यापायी जमीन विकली. मोफत विधी साहाय्य आहे, पण त्यातून वकील मिळतो, बुडालेली मजुरी नाही.

1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम 399 नुसार विनाकारण अटक करायला लावणाऱ्याकडून मिळणारी भरपाई आजही जास्तीत जास्त 1000 रुपये! बिनबुडाच्या आरोपाबद्दलच्या कलम 273 मध्येही भरपाई द्यायची ती तक्रारदाराने. तपास आणि खटला चालवणारे सरकार नामानिराळेच राहते.

2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका खून खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या सहा जणांना निर्दोष सोडले आणि राज्य सरकारला प्रत्येकी 5 लाख रुपये द्यायला लावले. पण हा न्यायालयाच्या विशेष अधिकारातला आदेश होता. गुजरातमधील अक्षरधाम मंदिरावरील हल्ल्याच्या खटल्यात सुटलेल्यांना 2016 मध्ये त्याच न्यायालयाने भरपाई नाकारली. हक्क कायद्यात लिहिलेला नसला की असेच होणार. विधी आयोगाने 2018 च्या 277 व्या अहवालात चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत खास तरतूद सुचवली, तशी तरतूद अजून झालेली नाही.

जर्मनीत आरोपी निर्दोष सुटला, की त्याचा आवश्यक खर्च सरकारी तिजोरीतून, ठरलेल्या दराने मिळतो. ‘संशयाचा फायदा मिळून सुटलेल्यांनाही पैसे द्यायचे का?’ असे कोणी विचारेल. होय, द्यायचे. गुन्हा सिद्ध झाला नाही, तर कायद्याच्या लेखी तो निर्दोषच. ज्याने स्वतःच्या वागण्याने खटला ओढवून घेतला किंवा मुद्दाम लांबवला, त्याला खर्च नाकारण्याचा अधिकार न्यायाधीशांकडे ठेवावा.

निदान विधी साहाय्याच्या वकिलांना मिळतो त्या दराने फी आणि प्रवासखर्च सरकारने द्यावा, आणि त्याचा आदेश निकालपत्रातच व्हावा. त्यासाठी पुन्हा वेगळा अर्ज आणि वेगळा वकील करायला लावू नये.

– एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सातारा