खोडलेली चोच

बडोदे, २८ डिसेंबर

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

परवा माळा आवरताना तुझी निळी वही सापडली. १९९६ची, नाताळच्या सुट्टीतली. तू चौथीत होतास. वढवाणा तलावाच्या पानावर तुझ्या गोल अक्षरात लिहिलंय : ‘बदक. डोकं शेंदरी. चोच लाल.’ त्यातल्या ‘लाल’वर माझी लाल शाईची रेघ आणि बाजूला माझी दुरुस्ती : ‘करडी. छोटी लालसरी.’

मामाची फियाट मागून आणली होती, आठवतं? डभोईला छोट्या गाडीचं फाटक लागलं, तेव्हा मी चिडलो होतो आणि तू डबे मोजत होतास. घरात दुर्बीण एकच, ती माझ्या गळ्यात. तुझ्या वाट्याला दोन मिनिटं यायची, तीही आई बोलली तर. तू ‘लाल चोच’ म्हणून ओरडलास तेव्हा मी पट्ट कादंबांत गुंतलो होतो. शेतात चरून त्यांचा थवा परतत होता. डोक्यामागचे दोन काळे पट्टे दिसतात का ते बघत होतो. हिमालय ओलांडून आलेला पाहुणा, मग बदकाकडे कोण बघतो! ‘उन्हाचा रंग पडलाय रे’ असं सांगून मोकळा झालो. तुझं बदक मी पाहिलंच नव्हतं. न पाहता खोडलं.

काल ताई आणि तिच्या ईराला घेऊन पुन्हा वढवाण्याला गेलो. दांडिया बाजारातून साडेपाचला निघालो, थर्मासात चहा, डब्यात दशम्या. तलाव तोच, सयाजीराव महाराजांनी शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला. २०२१ साली रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला, त्यामुळे आपल्यासारखे टोप्या घातलेले बरेच दिसतात. काही जण इतके मोठ्याने बोलतात की पक्ष्यांनीच त्यांची यादी करावी.

या वेळी दुर्बीण आधी ईराला दिली. (उशिरा सुचलेलं शहाणपण, ताईनं टोमणा मारलाच.) पहिला अर्धा तास तिनं वारकरी पक्ष्यांवरच घालवला. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. उडायच्या आधी ते पाण्यावर थपथप पावलं टाकत पळतात, ते बघून ही हसतेय. ‘आजोबा, यांना वारीला उशीर झालाय.’ मग एकदम गप्प झाली. म्हणाली, ‘याची चोच लाल आहे.’

मी मागून दुर्बीण घेतली. शेवाळाच्या कडेला नर होता. डोकं शेंदरी, फुगीर, ब्रशनं उलटं विंचरल्यासारखं. छाती काळी आणि चोच मिरचीसारखी लाल. मोठी लालसरी. छोटीचं डोकं गडद तांबूस असतं आणि चोच करडी. चोच पाहिली की प्रश्नच उरत नाही. तू शेंदरी लिहिलं होतंस, तांबूस नाही. तेवढ्यावरूनच मला थांबायला हवं होतं.

त्या सकाळी तू नेमकं काय पाहिलंस ते आता कोणी ठरवू शकणार नाही. मीही नाही. म्हणून वहीत नवीन काही लिहिलेलं नाही, माझी रेघही तशीच ठेवलीय. ती खोडायची की नाही ते तू बघ.

उत्तरायणाला येतोयस तर दोन दिवस आधी ये. एकदा पतंग हातात आला की तू गच्चीवरून उतरत नाहीस, आणि वढवाण्याला जायचं तर अंधारात निघावं लागतं. आपल्या जुन्या दुर्बिणीच्या डाव्या भिंगात बुरशी चढलीय, मी एकाच डोळ्यानं बघतो. तुझ्याकडची घेऊन ये. ईराला सांगून ठेवलंय की पहिला नंबर मामाचा. ती अजून कबूल झालेली नाही.

तुझा,
बाबा