पिस्तूल ग्वाल्हेरमधून गेले होते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

प्रभावी राजकीय नेत्याची हत्या नीतीच्या कसोटीवर कधी समर्थनीय ठरू शकते का, हा प्रश्न आमच्या लष्कर भागातील मराठी घरांत अजूनही दबक्या आवाजात निघतो. ग्वाल्हेरकरांना त्याकडे दुरून पाहता येत नाही. कारण ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींवर ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या, ते मारेकऱ्यांनी त्याआधी दोन-तीन दिवसांत याच शहरात मिळवले होते.

समर्थन करणारे बहुधा हिटलरचे नाव घेतात, आणि ते टाळण्यात अर्थ नाही. जिथे निवडणूक, न्यायालय, वृत्तपत्र आणि सभा ही सारी दारे शासकानेच बंद केली आहेत आणि त्याच्या हुकमाने माणसे मारली जात आहेत, तिथे शस्त्र उचलणाऱ्याला मी पापी म्हणणार नाही. मात्र ८ नोव्हेंबर १९३९ रोजी म्युनिकमध्ये गेऑर्ग एल्झर या सुताराने सभागृहाच्या खांबात लपवलेला बॉम्ब फुटला, तेव्हा हिटलर १३ मिनिटांपूर्वीच निघून गेला होता. त्या स्फोटाने आठ जणांचा बळी घेतला. त्यांत एक वाढपी बाई होती. एल्झरचा हेतू शुद्ध मानला, तरी तिच्या मृत्यूचे उत्तर मला सापडत नाही.

गांधीजींच्या हत्येला हा आधारही लागू होत नाही. त्यांच्याकडे कोणतेही सरकारी पद नव्हते. फाळणीबद्दल आणि पाकिस्तानला द्यावयाच्या ५५ कोटी रुपयांबद्दल लोकांच्या मनात राग होता, आणि तो राग खोटा होता असे मी म्हणत नाही. पण तो बोलून दाखवण्यास कोणाची बंदी होती? २० जानेवारीला प्रार्थनासभेजवळ स्फोट झाल्यानंतरही येणाऱ्यांची झडती घेण्यास गांधीजींनी नकार दिला होता. जो माणूस रोज संध्याकाळी लोकांसमोर येऊन बसत होता, त्याचे म्हणणे तोंडावर खोडून काढता आले असते.

अशा वेळी मला रामशास्त्री प्रभुणे आठवतात. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर त्यांनी राघोबादादांना दोषी ठरवले आणि पद सोडून ते पुण्यातून निघून गेले. दोष सांगण्याचा अधिकार त्यांनी पूर्ण वापरला. शिक्षा मात्र स्वतःच्या हाताने दिली नाही. मारेकरी हाच फिर्यादी, न्यायाधीश आणि जल्लाद होतो, आणि आरोपीला एक शब्दही बोलू देत नाही.

या हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात जातीवरून घरे जाळली गेली. माझ्या आजीचे माहेर सातारा जिल्ह्यात होते. त्या घरातील कोणीही मारेकऱ्यांना ओळखत नव्हते. तरी ते घर जळाले, आणि आजी पुन्हा कधी माहेरी गेली नाही.

आपला,
एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर