बालविभागाचं कपाट मोठ्यांनाही उघडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मे महिन्याची सुट्टी लागली की आपल्या रविवार पुरवणीत मुलांनी वाचायलाच हव्यात अशा पुस्तकांची यादी हमखास येते. यादी चांगली असते हो, पण मुलं कुठे ती बघतात, कात्रण कापून फ्रिजला लावतो आम्ही पालकच. तर माझं म्हणणं एवढंच की यंदा ती यादी थेट आम्हालाच द्या. लहानपणी वाचलेलं 'श्यामची आई' चाळिशी ओलांडल्यावर, डोक्यावर होम लोन असताना परत वाचून बघा, पार वेगळंच पुस्तक निघतं ते.

आपल्याला आठवतं काय, तर आंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून ओचे पसरणारी आई, पोहायला घाबरणाऱ्या श्यामला बसलेला मार आणि शेवटची रडारड. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पण तेवढंच. पण जरा उत्तरार्धातल्या प्रकरणांची नावं बघा, 'कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक', 'वित्तहीनांची हेटाळणी', 'तेल आहे, तर मीठ नाही', 'अब्रूचे धिंडवडे'. हे संस्कारांचं पुस्तक कमी आणि कर्जात बुडत चाललेल्या घराचं जास्त आहे असं माझं स्पष्ट मत झालंय. एकेकाळचं खोताचं घर, मान मोठा, तो मान सांभाळता सांभाळता देणं वाढत गेलेलं, सावकाराचा तगादा, आणि या सगळ्यात घर चालवायचं कुणी तर त्या बाईने. लहानपणी मला श्यामचे वडील जेमतेम आठवायचे. आता मी त्यांच्याकडेच बघत बसतो, माणूस वाईट नाही, प्रेमळ आहे, पण बायकोशी हिशोबाचं बोलायची वेळ आली की त्याचं काय होतं ते वाचताना आपल्याच बिल्डिंगमधली दोनचार घरं आठवतात (आपलं धरून). दहा वर्षांच्या पोराला जप्ती म्हणजे काय ते काय कळणार? ईएमआयचा मेसेज दर महिन्याला येतो त्याला बरोबर कळतं.

सगळंच आवडलं असं नाही, खोटं कशाला बोला. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढलं, त्यामुळे असेल किंवा त्यांचा स्वभावच असेल, उपदेश जरा जास्तच होतो आणि काही पानं मी चक्क उलटली. फास्टर फेणेचंही तसंच, भा. रा. भागवतांची भाषा अजून सायकलसारखी पळते, फुरसुंगीचा बन्या 'टॉक्' करतो तेव्हा आजही हसू येतं, पण त्या धावपळीत मुलींना तशी जागा कमीच आहे, हे तेव्हा लक्षातही आलं नव्हतं. माझ्या मुलीने मात्र पहिल्या बैठकीतच विचारलं.

आणि काही गोष्टी पुस्तकाबाहेरच्या असतात, त्या मोठेपणीच कळतात. नाथमाधवांचं 'वीरधवल' मी सातवीत अधाशासारखं वाचलं होतं. ते लिहिणारा माणूस तरुणपणी शिकारीला गेला असताना सिंहगडाच्या कड्यावरून पडला आणि कमरेखाली अधू झाला, हे मला आत्ता आत्ता कळलं. हे माहीत असताना त्यातली घोडदौड वाचायची म्हणजे प्रत्येक पानावर थांबायला होतं. तसाच भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न. 'समुद्रसैतान'मधला कॅप्टन नेमो हा मुळात बुंदेलखंडचा राजपुत्र, १८५७ साली इंग्रजांशी लढलेला, हे व्हर्नने काही वर्षांनी दुसऱ्याच एका कादंबरीत सांगून टाकलंय. त्याचा इंग्रजांवरचा राग कुठून आला ते कळल्यावर ती पाणबुडी एकदम ओळखीची वाटायला लागते.

आता मूळ तक्रार. आमच्या भागातल्या वाचनालयात बालविभाग वेगळा आहे, चांगली गोष्ट आहे, पण मोठ्यांच्या कार्डावर तिथलं पुस्तक मिळत नाही. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, मुलाच्या नावाने कार्ड काढा. मी म्हटलं, मला स्वतःलाच वाचायचंय, तर त्यांनी आधी पुस्तकाकडे मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, नियम आहे काका. त्यांची चूक नाही, नियमच तसा. पण कपाटात त्याच गोट्या-चिंगीच्या प्रती धूळ खात पडलेल्या, दुपारी तिथे एक पोरगं नसतं, सगळी क्लासला. मग अडचण नक्की कसली आहे? गेल्या महिन्यात शेवटी मुलीच्या नावाने कार्ड काढलं, डिपॉझिट वेगळं भरलं, आता पुस्तक उशिरा दिलं की दंडाचा मेसेज तिच्या आईच्या मोबाइलवर जातो आणि बोलणी मी खातो.

मुंबईत १८९८ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, उपनगरांत छोटी छोटी वाचनालयं अजून तग धरून आहेत, सभासद मिळत नाहीत म्हणून सगळीकडे ओरड चालू असते. त्यांनी निदान सुट्टीच्या दोन महिन्यांत तरी एकाच कार्डावर दोन्ही विभागांतली पुस्तकं द्यावीत, आणि आपण पुरवणीत मुलांच्या यादीशेजारी अर्धा कॉलम मोठ्यांना द्यावा, लहानपणीचं कुठलं पुस्तक परत वाचलं आणि काय खटकलं, काय नव्याने दिसलं एवढंच लिहायचं. पहिलं पत्र माझंच समजा. 'श्यामची आई' परत करायची तारीख शुक्रवारची आहे, त्याआधी शेवटच्या रात्री वाचून संपवतो.

आपला,
एक वाचक, मुलुंड (पूर्व)