मुदत वाढवण्याचा सल्ला महागात पडणारा

पहिले घर घेणाऱ्यांसाठीचा रविवार पुरवणीतील लेख उपयुक्त आहे, पण हप्ता झेपत नसेल तर कर्जाची मुदत वाढवून घ्यावी, हा त्यातला सल्ला खटकला. वार्षिक ९ टक्के दराच्या २० वर्षांच्या कर्जात पहिल्या हप्त्यातील शंभरापैकी ८३ व्याजातच जातात. मुदत ३० वर्षे केली तर हप्ता जेमतेम साडेदहा टक्क्यांनी उतरतो. एकूण व्याज मात्र मुद्दलाच्या ११६ टक्क्यांवरून १९० टक्क्यांवर जाते. माझ्या कर्जखात्याचा पहिल्या वर्षाचा उतारा हाती आला, तेव्हा मुद्दलाचा रकाना पाहून छपाईची चूक असावी असेच वाटले होते! परतफेडीचे महिनावार कोष्टक सही करण्यापूर्वीच मागून घ्यावे आणि तो रकाना शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा.

– एक कर्जदार वाचक