तानपुऱ्याला गोंगाट समजणाऱ्या फोनबद्दल तक्रार

ग्वाल्हेर, 12 जून 2025

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय: ऑक्टोबर 2024 मध्ये घेतलेल्या फोनच्या ध्वनिमुद्रणात मार्चच्या अपडेटनंतर आलेला दोष, आणि सेवा केंद्राने ‘दोष नाही’ असे लिहून फोन दोनदा परत दिल्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

ग्राहकाने आपल्या भाषेत लिहावे, असे तुमच्या संकेतस्थळावर म्हटले आहे, म्हणून मराठीत लिहिते आहे. सेवा केंद्रात हिंदीत दोनदा सांगून झाले. तिथे माझे सगळे म्हणणे फॉर्मवर ‘माइक प्रॉब्लेम’ या दोन शब्दांत लिहिले गेले आणि त्यापुढे कोणी काही ऐकले नाही. हे पत्र लांबले आहे, तरी ते पूर्ण वाचावे अशी विनंती.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जीवाजीगंजात राहते आणि गेली 31 वर्षे शास्त्रीय गायन शिकवते. 11 विद्यार्थी घरी येतात. 2020 च्या टाळेबंदीपासून आणखी 6 जण फोनवरून शिकतात. दोघी पुण्याला, एक भिलाईला, बाकीचे त्याहून लांब. फोन बिघडला की माझी शिकवणी बिघडते.

दसऱ्याच्या आठवड्यात महाराज बाडा या बाजारचौकाजवळच्या दुकानातून तुमचा हा फोन 23,999 रुपयांना घेतला. दुकानदार 50 मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि 5000 एमएएचची बॅटरी सांगत होता. मला एवढेच विचारायचे होते, की गाणे नीट रेकॉर्ड होते का. त्याने रेकॉर्डर उघडून दाखवला. त्यात ‘बोलणे’, ‘मीटिंग’ आणि ‘संगीत’ असे तीन पर्याय होते. ‘संगीत’ लावून मी दुकानातच षड्ज, म्हणजे ‘सा’, लावला, परत ऐकला आणि पैसे दिले. या किमतीत दुसरे चार फोन तिथे होते. तुमचा घेतला तो त्या एका पर्यायासाठी.

पहिले 5 महिने फोनने तक्रारीला जागा दिली नाही. तेही लिहिणे माझे कर्तव्य आहे. पडदा मोठा आणि डोळ्यांना शांत आहे, नोटेशनची वही फोटोतून स्पष्ट वाचता येते, तासाभराच्या आत चार्जिंग पूर्ण होते. डिसेंबरात तानसेन समारोहाचे शंभरावे वर्ष होते. समारोह होतो त्या हजिऱ्याला रोज रात्री उशिरापर्यंत बसायचे, दिवसभराचा वापर वेगळा, तरी घरी परतताना बॅटरी उरलेली असायची. मंचाचे फोटो अंधारातही चांगले आले. विद्यार्थ्यांच्या रियाजाची रेकॉर्डिंग तर अशी यायची, की तानपुऱ्याच्या जव्हारीचा, म्हणजे तारा घोडीवर घासून उठणारा, झणत्कार वेगळा ऐकू येई. मी स्वतः तीन विद्यार्थिनींना हाच फोन घ्यायला सांगितले. त्यांच्यापुढे आज मला खाली बघावे लागते.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात फोनने रात्रीतून अपडेट घेतले. सकाळी घड्याळाचे अंक मोठे दिसले, रंग थोडे बदलले होते, बाकी काही कळले नाही. दोन दिवसांनी भिलाईच्या मुलीने वर्गात विचारले, ‘ताई, आज तानपुरा नाही का लावला?’ तानपुरा माझ्या गुडघ्याशी सुरू होता. नेट खराब असेल म्हणून मी वायफाय बंद करून मोबाइल डेटावर आले. झूमवर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी ‘मूळ आवाज’ असा पर्याय असतो, तोही सुरू करून पाहिला. फरक पडला नाही. रेकॉर्डर उघडला तर ‘संगीत’ हा पर्यायच नाहीसा झाला होता. त्या जागी ‘स्मार्ट आवाज’ असे एकच बटण होते, आणि ते बंद करायची सोय कुठेही नव्हती.

त्याच वेळी मी सेवा केंद्रात गेले असते तर पुढचे टळले असते का, हा विचार रोज येतो.

6 एप्रिलला, रामनवमीच्या संध्याकाळी, मी गुरुजींकडे गेले होते. गुरुजी 87 वर्षांचे आहेत आणि दोन वर्षांत त्यांनी कोणापुढे आवाज लावला नव्हता. त्या दिवशी आपणहून म्हणाले, तानपुरा काढ. हमीर राग गायले. त्यातला एक विलंबित (संथ लयीतला) ख्याल त्यांना त्यांच्या गुरूंकडून मिळालेला आहे, आणि त्याचा अंतरा, म्हणजे दुसरा भाग, ते ज्या ठिकाणाहून उचलतात ते मी कुठल्याही छापील स्वरलिपीत पाहिलेले नाही. मी पूर्वी अनेकदा लिहून घ्यायला बसले. कागदावर तो उतरत नाही. म्हणून पंखा बंद केला, खिडकी लावली, त्यांच्यासमोर उशीवर फोन ठेवून रेकॉर्डर सुरू केला आणि मागे तानपुरा धरून बसले. ते 40 मिनिटे गायले.

घरी येऊन पाहिले तर फाईल 11 मिनिटांची होती. पडदा बंद झाल्यावर बॅटरी वाचवण्यासाठी फोनने रेकॉर्डर मधेच बंद केला होता, तशी सूचना पडद्यावर आलेली होती. अंतरा त्यानंतर आला.

आणि जी 11 मिनिटे आहेत त्यांत तानपुरा नाही. पहिली दोन-तीन सेकंदे तो ऐकू येतो, मग पाण्यात बुडावा तसा जातो. गुरुजी गाऊ लागले की थोडा वर येतो, ते श्वास घ्यायला थांबले की पुन्हा नाहीसा. ते धैवतावर, म्हणजे ‘ध’ या स्वरावर, येऊन उभे राहतात, तिथे सुरुवातीला आवाज भरलेला आहे, मग तो पातळ पातळ होत जातो आणि पुढच्या स्वराकडे वळताच एकदम परत येतो. जो त्या खोलीत नव्हता त्याला वाटेल, म्हाताऱ्या माणसाचा दम सुटतो आहे. महोदय, त्यांचा दम सुटत नव्हता. मी दोन हातांच्या अंतरावर बसले होते, तो धैवत समईच्या ज्योतीसारखा स्थिर होता.

मे महिन्यात गुरुजी आजारी पडले. डॉक्टरांनी बोलणेही कमी करायला सांगितले आहे. ती संध्याकाळ आता परत मिळायची नाही, आणि माझ्या हाती आहे ते त्यांचे गाणे नव्हे.

पुण्याची माझी एक विद्यार्थिनी सॉफ्टवेअरच्या कामात आहे. यात काय घडते ते तिने मला समजावले. फोनला एकाहून अधिक माइक असतात. जो आवाज न बदलता सतत येत राहतो तो पंख्याचा, मोटरचा, रस्त्याचा, म्हणजे नको असलेला, आणि जो सारखा बदलतो ते माणसाचे बोलणे, असे धरून फोन पहिला आवाज कापतो. शिवाय मोठा आवाज दाबायचा आणि लहान आवाज वर उचलायचा, हेही तो स्वतःच करतो. फोनवर बोलण्यासाठी हे योग्यच आहे. दाल बाजारातल्या गर्दीतून घरी फोन करते तेव्हा त्याचा फायदा मलाही होतो. पण तानपुरा म्हणजे न बदलता सतत राहणारा आवाजच. षड्जसाधना म्हणजे एक स्वर न हलवता धरून ठेवणेच. आमच्या ग्वाल्हेर गायकीत खुल्या आवाजातल्या ‘आ’काराला जो मान आहे, त्याचा पाया या धरून ठेवलेल्या स्वरावर आहे. तुमचा फोन नेमका तोच कचरा समजून झाडून टाकतो. मींड घेत, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत, आवाज हळूच लहान करावा, तर फोन तो वर ओढतो. मग उतार राहत नाही, सपाट पट्टी राहते.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली. कापाकापी न केलेला आवाज ॲपला मिळावा, अशी सोय अँड्रॉइडमध्ये 2016 सालच्या 7 व्या आवृत्तीपासून आहे. ती आपल्या फोनमध्ये द्यायची की नाही, हे फोन बनवणाऱ्याच्या हातात असते. म्हणजे हे अशक्य नाही. मार्चपर्यंत तुमच्याच फोनमध्ये ते होत होते.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मी स्वतः पडताळणी केली. माझा 6 वर्षांपूर्वीचा जुना फोन, एका विद्यार्थिनीचा दुसऱ्या कंपनीचा फोन आणि तुमचा फोन, असे तिन्ही एका पाटावर शेजारी ठेवले. तिन्हींपासून हातभर अंतरावर इलेक्ट्रॉनिक तानपुरा, काळी चार या पट्टीत. आधी एक मिनिट नुसता तानपुरा, मग एक मिनिट मी धरलेला षड्ज, मग साधे बोलणे. जुन्या फोनमध्ये थोडी खरखर आहे, पण तानपुरा शेवटपर्यंत आहे. दुसऱ्यात तो स्वच्छ आहे. तुमच्या फोनमध्ये तिसऱ्या सेकंदानंतर तानपुरा नाही, आणि माझा षड्ज हिंदकळतो. बोलणे मात्र तिन्हींत सर्वांत चांगले तुमच्याच फोनमध्ये आले आहे.

सेवा केंद्राच्या तपासणीत काही सापडत नाही ते यामुळेच. सिटी सेंटरमधल्या तुमच्या अधिकृत केंद्रातला तरुण मुलगा वागायला चांगला होता. त्याने माइकसमोर ‘हेलो, हेलो, वन, टू, थ्री’ म्हटले, परत ऐकवले आणि म्हणाला, ‘मैडम, टेस्ट पास है।’ मी पिशवीतून तानपुरा काढून लावू लागले तर, हा आमच्या तपासणीत नाही, असे उत्तर मिळाले. दुसऱ्या खेपेला फोन चार दिवस ठेवून घेतला, सगळे पुसून पुन्हा अपडेट घातले आणि कागदावर ‘नो फॉल्ट फाउंड’ लिहून दिला. जुने सॉफ्टवेअर परत घालता येत नाही, असेही सांगितले. मेल केला तर उत्तर आले, की आवाज अधिक स्वच्छ व्हावा म्हणून केलेली ही सुधारणा आहे. एखादी वस्तू ज्या गुणासाठी विकत घेतली तो गुण विचारल्याशिवाय काढून घेणे, याला मी सुधारणा म्हणू शकत नाही.

उन्हाळ्याबद्दलही लिहायला हवे, कारण त्याचे उत्तर मला कुठेच मिळालेले नाही. मे महिन्यात दुपारच्या वर्गात 20 मिनिटांत फोनचा पडदा आपोआप मंद होतो, मग कॅमेरा बंद पडतो, चार्जिंग थांबते आणि ‘फोन थंड होऊ द्या’ असे येते. खोलीत कूलर असतो, फोन उन्हात नसतो. केंद्रात सल्ला मिळाला की एसीमध्ये वापरा. मी डब्यातली पुस्तिका काढून वाचली. बारीक अक्षरात लिहिले आहे, की फोन 0 ते 35 अंश तापमानात वापरावा. ग्वाल्हेरला मेच्या अखेरीस पारा 45 च्या वर जाणे नवीन नाही. 35 ही तर इथल्या कित्येक उन्हाळी रात्रींची गोष्ट आहे. उष्णतेने लिथियम बॅटरीचे आयुष्य कमी होते हे मला समजते, आणि फोन स्वतःला जपतो याला माझी हरकत नाही. पण मग या शहरात हा फोन विकताना 35 चा आकडा दुकानदाराच्या तोंडी, जाहिरातीत, डब्याच्या बाहेर का नाही? कॅमेऱ्याचा आकडा डब्यावर चार ठिकाणी आहे.

माझी मागणी अशी आहे. ‘संगीत’ हा पर्याय, किंवा कापाकापी न करता आवाज घेण्याची सोय, पुढच्या अपडेटमध्ये परत द्यावी आणि ती कधी येईल ते लेखी कळवावे. ते जमणार नसेल तर फोन परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. हमीचे 12 महिने अजून संपलेले नाहीत. बदलून तसाच दुसरा फोन मला नको, कारण त्यातही हेच सॉफ्टवेअर असेल. रेकॉर्डिंग सुरू असताना बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली रेकॉर्डर बंद होऊ नये, ही दुरुस्ती तर सगळ्यांसाठीच करायला हवी. उद्या कोणी आजीची गोष्ट रेकॉर्ड करील, कोणी वकिलाचे बोलणे, आणि त्यांच्याही हाती 11 मिनिटेच येतील. सेवा केंद्रांच्या माइक तपासणीत बोलण्याबरोबर एक धरलेला स्वरही घ्यावा. त्याला एक मिनिट लागते.

15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार इथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. हा कायदा ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागू देतो आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, याची मी चौकशी केली आहे. तिथपर्यंत जायची माझी इच्छा नाही. माझा वेळ मला मुलींना शिकवण्यात घालवायचा आहे.

एक विनंती मागणीच्या बाहेरची आहे. सोबतच्या पेन ड्राइव्हवर तिसरी फाईल गुरुजींची आहे. तुमच्या अभियंत्यांना त्या 11 मिनिटांतून तो धैवत थोडा जरी परत मिळवता आला, तर मला कळवावे. जे फोनने घेतलेच नाही ते परत मिळत नाही, असे पुण्याच्या मुलीने सांगितले आहे. तरी ज्यांनी हे सॉफ्टवेअर लिहिले त्यांना एकदा विचारल्याशिवाय मला राहवत नाही. ती फाईल तपासणीपुरतीच ऐकावी, कोणाला पाठवू नये आणि काम झाल्यावर पुसून टाकावी.

आपली,
(सही)
जीवाजीगंज, लष्कर, ग्वाल्हेर

सोबत: बिलाची प्रत, सेवा केंद्राच्या दोन्ही जॉबशीटच्या प्रती, तुमच्या मेलची छापील प्रत, आणि पेन ड्राइव्ह (फाईल 1: अपडेटपूर्वीचे फेब्रुवारीतले रेकॉर्डिंग, फाईल 2: तीन फोनची पडताळणी, फाईल 3: 6 एप्रिल).