शिलालेखातली हिशोबाची ओळ राहिली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला प्राचीन राज्यपद्धतींवरचा लेख वाचला. काल दिवसभर तो डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहायला बसले. लेखकांचा व्यासंग मोठा आहे, तेवढे माझे वाचन नाही. पण अथेन्सची सभा, वैशालीच्या लिच्छवींचे गणराज्य, तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरचा शिलालेख आणि आमच्या कोकणातली गावकी, म्हणजे गावाची जुनी पंचायत, अशी चारही एकाच दावणीला बांधून 'आजच्या निवडणुकांपेक्षा ते बरे होते' असा निकाल त्यांनी दिला आहे. कोणासाठी बरे होते, हे मात्र लिहिलेले नाही.

उत्तरमेरूरचेच बघा. दहाव्या शतकात, पहिल्या परांतक चोळाच्या काळात देवळाच्या भिंतीवर कोरलेले ते नियम. गावच्या समितीवर माणसे निवडायला ताडपत्रावर नावे लिहायची, मडक्यात टाकायची आणि लहान मुलाच्या हाताने एक उचलायचे, इथपर्यंत लेखात आले आहे. नाव मडक्यात पडण्यासाठी काय लागायचे, ते आलेले नाही. स्वतःची सारा भरणारी जमीन हवी, स्वतःच्या जागेत घर हवे, वय ३५ ते ७० हवे आणि वेदाचे अध्ययन हवे. ब्राह्मणांना दान दिलेल्या गावाची ती सभा होती. तिथे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळाचे नाव मडक्यात पडत नव्हते, बाईचेही नाही. अथेन्सच्या सभेतही बायका, गुलाम आणि बाहेरून येऊन राहिलेली माणसे बसत नव्हती. मी कुळाच्या घरातली बाई आहे. लेखकांच्या या सुवर्णकाळात माझी जागा कुठे होती?

गावकीबद्दल तर मला कोणी शिकवायला नको. माझे आजोबा खोताचे, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचे, अर्धेली कूळ होते. निम्मे भात खोताच्या कोठारात जायचे आणि वर वेठ असायची. गावकीच्या बैठकीत खोत आणि मानकरी वर बसत, आजोबा खाली. खोताला हात लावायची ताकद गावकीत कधी नव्हती. त्यासाठी अलिबागकडच्या चरी गावातल्या कुळांना १९३३ पासून सहा वर्षे जमिनी पडीक ठेवाव्या लागल्या, बाबासाहेबांना १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणावे लागले आणि शेवटी खोती रद्द करणारा १९४९ चा कायदा झाला. तो निवडून दिलेल्या माणसांनी केला.

पुढे माझ्या वडिलांनी गावकीला एक प्रश्न विचारला. देवराईतली झाडे विकली होती, त्याचे पैसे कुठे आहेत, एवढाच. त्या वर्षी शिमग्यात पालखी आमच्या दारात आली नाही. आईने खळे, म्हणजे घरापुढचे अंगण, सारवून रांगोळी काढली होती, नारळ आणि ओटीचे तांदूळ सुपात ठेवले होते. ढोल शेजारच्या खळ्यात वाजला आणि तिथून सरळ पाखाडीने पुढे गेला. आई सूप हातात घेऊन बराच वेळ तशीच उभी होती. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी वडिलांनी दंड भरला, तेव्हा देव घरी आला. अशी वाळीत टाकलेली घरे कोकणात थोडीथोडकी नव्हती, म्हणून तर राज्याला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. ज्यांचे मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे, त्या बाबासाहेबांना बौद्ध संघांतली मतदानाची आणि गणपूर्तीची, म्हणजे किमान हजेरीची, पद्धत चांगली माहीत होती. घटना समितीत त्यांनी ती अभिमानाने सांगितली. तरीही राज्यघटनेचा पाया त्यांनी गाव धरला नाही, व्यक्ती धरली. का, ते आमच्या खळ्यातून दिसत होते.

आता आजची लोकशाही माझ्या गावात कशी चालते तेही सांगते, म्हणजे मी एकाच बाजूने बोलते असे होणार नाही. ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतले जे कमी असेल तेवढी हजेरी लागते. गेल्या वर्षी २ ऑक्टोबरच्या सभेला हळवे भात कापायला आले होते, कोण येणार? सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. ती कधी झाली ते आमच्या वाडीला कळलेच नाही. कळले ते इतकेच, की पऱ्यावरच्या साकवाची, म्हणजे ओढ्यावरच्या लहान पुलाची, दुरुस्ती झाली आणि तिचा खर्च मंजूर झाला. त्या साकवाचा एका बाजूचा कठडा आजही नाही. पावसाळ्यात मुलांना हाताला धरून पलीकडे सोडावे लागते.

मी दहा रुपयांचा स्टँप लावून माहितीचा अर्ज टाकला. मुदत उलटल्यावर अपील केले, तेव्हा हजेरीवहीच्या पानांच्या नकला मिळाल्या. दुसऱ्या पानावर माझ्या सासूबाईंचे नाव आणि पुढे झोकदार सही. सासूबाई त्या वेळी खाटेवरून उठत नव्हत्या, आणि जन्मभर त्यांनी अंगठाच उठवला आहे. पान त्यांना दाखवले. त्यांनी सहीवरून बोट फिरवले आणि विचारले, "ह्यां माजां नाव हाय काय गो?" मला उत्तर देता आले नाही.

लेखकांनी उत्तरमेरूर पुन्हा एकदा उघडावे ते यासाठी. त्याच नियमांत आहे, की समितीवर असताना ज्याने हिशोब दिला नाही तो पुन्हा उभा राहू शकत नाही, आणि त्याचे नातेवाईकही नाहीत. कोणते नातेवाईक, त्याची लांबलचक यादीच दिली आहे. अकराशे वर्षांपूर्वीचे घ्यायचे तर हे घ्या ना! लेखात मडके आले, मुलगा आला, ताडपत्र आले आणि हिशोबाची ही ओळ तेवढी गळली. माझ्या वडिलांनी हिशोबच मागितला होता, मीही हिशोबच मागते आहे. फरक एवढाच, की मला कागद मिळाला आणि दंड भरावा लागला नाही. म्हणून मला गावकीकडे परत जायचे नाही. मला माझी ग्रामसभा हवी आहे, खऱ्या सह्यांची.

संपादक महाशय, एक तक्रार तुमच्याकडेही आहे. तालुक्यातल्या पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला तुमच्या अंकात पानभर शुभेच्छा असतात. ग्रामसभेत काय ठराव झाले, याला मात्र चार ओळीही मिळत नाहीत. तहकूब सभेची तारीख जरी छापलीत, तरी आमच्या वाडीतली वीसएक माणसे विळा खाली ठेवून येतील.

आमची पुढची सभा २६ जानेवारीला सकाळी, झेंडावंदनानंतर शाळेच्या व्हरांड्यात आहे. वहीच्या त्या पानाची नक्कल घेऊन मी जाणार आहे आणि साकवाचा हिशोब मागणार आहे. तुमचा तालुका प्रतिनिधी पाठवता आला तर पाठवा.

आपली,
एक माजी ग्रामपंचायत सदस्या, ता. गुहागर, जि. रत्नागिरी