आधी शपथ, मग खुर्ची

म्हापसा, गोवा

चि. शर्वरीस, अनेक आशीर्वाद.

जूनपासून तू सावंतवाडीच्या शाळेची मुख्याध्यापिका होणार म्हणून बाबा वाड्यावर पेढे वाटताहेत. मला मात्र रविवारी इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, पाहिलेलं तुला सांगायचंय. मिलाग्रिस सायबिणीला, म्हणजे म्हापशाच्या मेरीमातेला, तेल घालायला मी लहानपणापासून जाते, पण नवा पाद्री विगार, म्हणजे गावच्या चर्चचा मुख्य धर्मगुरू, कारभार हाती घेताना पहिल्यांदाच पाहिला. शेजारणीने त्यांच्या गावच्या इगर्जीत नेलं होतं.

आधी आर्चबिशपांचं नेमणुकीचं पत्र सगळ्यांसमोर वाचलं. मग विगाराने आपली श्रद्धा मोठ्याने उच्चारली, बायबलमधल्या शुभवर्तमानावर हात ठेवून निष्ठेची शपथ घेतली. कोकणीत, मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनाही कळेल अशी. नंतर किल्ल्या. मग त्याला फिरवून दाखवलं: हे बाप्तिस्म्याचं कुंड, ही कुमसार, म्हणजे पापांची कबुली, ऐकायची जागा. म्हणजे लेकरू आणलं की इथे उभं राहायचं, मन जड झालेलं माणूस आलं की इथे बसून ऐकायचं. बाय, माझे डोळे भरून आले. मानाचं आसन सगळ्यात शेवटी!

मोठ्या पदांनाही क्रम हाच. बिशप नव्या धर्मप्रांतात येतो तेव्हा पोपचं पत्र कॅथेड्रलमध्ये, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चमध्ये, लोकांपुढे येतं, मगच तो आसनावर बसतो. २७ ऑगस्ट २०२२ रोजी आपले आर्चबिशप फिलिप नेरी फेर्रांव व्हॅटिकनमध्ये कार्डिनल (पोपच्या खालोखालचा मान) झाले, तेव्हाही आधी श्रद्धेचा उच्चार आणि शपथ, मग पोप फ्रान्सिस यांच्यापुढे गुडघे टेकून लाल टोपी नि अंगठी. तो लाल रंग रक्ताचा. श्रद्धेपायी प्राण द्यायची तयारी.

आपल्या कचेऱ्यांत चार्ज घेणं म्हणजे बंद खोलीत दोन सह्या. नोकरीभर मी हेच पाहिलं, आणि ते मला फार खटकतं. ज्यांच्यासाठी पद, ती माणसं तिथे नसतातच. इगर्जीत मासळी विकणारी बाईसुद्धा साक्षीदार होती. उद्या विगार कुठे कमी पडला, तर ती तोंडावर म्हणू शकेल, पाद्री, तुम्ही आमच्यासमोर कबूल केलं होतं.

तू चार्ज पटांगणात घे. पालक, शिपाई, खिचडी शिजवणाऱ्या मावश्या, सगळ्यांना बोलाव. नेमणुकीचं पत्र वाच, तू काय करणार ते सांग. मग वर्ग आणि मुलींचं स्वच्छतागृह बघून ये, केबिनमध्ये त्यानंतर जा. बाबा म्हणतात, संस्थेला विचारावं लागेल. तर याच आठवड्यात विचार, पालकांना निरोप जायला वेळ लागतो.

तुझी,
आई